‘हजर’ की ‘अटक’? दाऊदचा परतीचा प्रस्ताव आणि शब्द देण्याचा अधिकार

जुना_शिरस्तेदार

दाऊद इब्राहिमच्या परतीच्या प्रस्तावाचा विषय आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी निघतो आणि दर वेळी तो एकाच खुंट्याभोवती फिरत राहतो, तो म्हणजे प्रस्ताव नाकारला कोणी. मला या धाग्यात थोडे निराळे विचारायचे आहे. तो प्रस्ताव स्वीकारायचाच असे कोणी ठरवले असते, तर स्वीकारण्याचा अधिकार नेमका कोणाकडे होता आणि दिलेला शब्द पुढे पाळणार कोण होते?

आधी जेवढे उघडपणे बोलले गेले आहे तेवढे मांडतो. ज्येष्ठ वकील राम जेठमलानी यांनी जुलै २०१५ मध्ये सांगितले की, १९९३ च्या मुंबई स्फोटांनंतर ते लंडनमध्ये असताना दाऊदने त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलून परत येण्याची तयारी दाखवली होती. आपल्याला पोलिसांनी मारहाण करू नये आणि तुरुंगाऐवजी घरातच नजरकैदेत ठेवावे, अशा त्याच्या अटी होत्या. हे बोलणे जेठमलानींनी तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांच्या कानावर घातले. पवारांनीही २०१५ मध्ये असा प्रस्ताव आल्याचे मान्य केले; मात्र तुरुंगात न ठेवता घरी राहू द्यावे ही अट स्वीकारण्यासारखी नव्हती, त्याला कायद्याला सामोरे जावेच लागले असते, असे त्यांनी स्पष्ट केले. त्याच वर्षी दिल्लीचे माजी पोलीस आयुक्त नीरज कुमार यांनी, केंद्रीय अन्वेषण विभागात स्फोटांचा तपास करताना १९९४ मध्ये आपले दाऊदशी दूरध्वनीवर बोलणे झाले होते, असे सांगितले. त्या बोलण्याला शरणागतीचा प्रस्ताव म्हणावे की नाही, यावर मग वाद झाला.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. मी एका तालुक्याच्या न्यायालयात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. फरारी आरोपी हजर कसा होतो हे लोकांना बातमीच्या एका ओळीत कळते. आम्ही ते टेबलाच्या या बाजूने पाहत असू. एक प्रसंग आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. खुनाच्या गुन्ह्यातला एक आरोपी सात महिने सापडत नव्हता. तो सोमवारी न्यायालयात येणार अशी कुणकुण पोलिसांना लागली होती, त्यामुळे फाटकाजवळच्या टपरीवर साध्या कपड्यांतले दोन शिपाई सकाळपासून चहावर चहा घेत बसले होते. वकिलाने मात्र पक्षकाराला पहाटेच आवारात आणून वकिलांच्या खोलीत वर्तमानपत्र देऊन बसवले होते. अकरा वाजता न्यायाधीश बसले, पुकारा झाला, वकिलाने वकीलपत्र आणि हजर होण्याचा अर्ज एकदमच पुढे केला आणि आरोपी पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. रोजनाम्यात मी माझ्या हाताने लिहिले, ‘आरोपी स्वतःहून हजर’. संध्याकाळी पोलीस कोठडीच्या मागणीसाठी जो कागद आला, त्यात मजकूर होता की, खात्रीलायक बातमीवरून सापळा लावून आरोपीस न्यायालयाच्या आवारात ताब्यात घेण्यात आले. एकाच दिवशी, एकाच माणसाबद्दल, एकाच फायलीत दोन कागद लागले.

शरणागतीच्या वाटाघाटी या दोन कागदांमधल्या फटीत चालतात, असे माझे मत आहे. पोलिसांना ‘पकडला’ हवे असते आणि आरोपीला ‘आलो’ हवे असते. किरकोळ गुन्हेगाराच्या बाबतीत त्या फटीत एखादा पदक-बक्षिसाचा प्रश्न मावतो. २५७ माणसे मारल्या गेलेल्या गुन्ह्यातल्या मुख्य फरारीच्या बाबतीत तीत दोन सरकारे, एक विशेष न्यायालय आणि एक शेजारी देश असे सगळे येऊन उभे राहतात.

मारहाण करू नये ही अट वास्तविक अटच नव्हे, कारण मारहाणीची परवानगी कोणत्याच कायद्याने दिलेली नाही. तरीही एखादा माणूस कायद्याने आधीच दिलेली गोष्ट वाटाघाटीत मागत असेल, तर आपल्या कोठड्यांविषयी तो काय जाणतो हे उघड आहे. हा माणूस मुंबई पोलिसांतल्या एका हवालदाराचा मुलगा आहे, हेही विसरू नये. शिवाय तेव्हा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा लागू होता. त्या कायद्यात पोलीस कोठडी साठ दिवसांपर्यंत मिळू शकत असे आणि अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरला जाई. म्हणजे पहिले साठ दिवस कोणाच्या ताब्यात जाणार, यावरच पुढचा सगळा खटला अवलंबून असे.

तेव्हा पवारांनी ‘ठीक आहे’ म्हटले असते, तर ते कोणाच्या वतीने ठरले असते?

कलमकसाई

शिरस्तेदार साहेब, आपण मांडलेली फट अचूक आहे. मी फौजदारी बाजूची वकिली करतो, म्हणून उत्तराचा कायदेशीर भाग मांडून पाहतो.

मुख्यमंत्र्यांच्या हातात फार थोडे होते. स्फोटांचा तपास सुरुवातीला मुंबई पोलिसांकडे होता, परंतु नोव्हेंबर १९९३ मध्ये तो केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्यानंतर राज्य सरकारने कोणाला कसलाही शब्द दिला असता, तरी केंद्राच्या यंत्रणेवर तो बंधनकारक नव्हता. सरकारी वकिलाला खटला मागे घेण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती, पण तीही न्यायालयाच्या संमतीनेच. ती संमती कोणतेही सरकार आगाऊ विकत घेऊ शकत नाही.

लोक नेहमी ‘माफीचा साक्षीदार करायला हवे होते’ असे म्हणतात. माफी देण्याचा अधिकार न्यायालयाचा असतो. तीसुद्धा ‘संपूर्ण आणि खरी हकीकत सांगशील’ या अटीवर मिळते. प्रथा अशी आहे की, लहान मासा फोडून मोठा मासा पकडावा. सर्वांत मोठ्या माशालाच माफी दिली, तर त्याच्या साक्षीने पकडायचे कोणाला? दाऊदच्या अटीच्या संदर्भात तर यात एक गंमतच आहे. कलम ३०६ प्रमाणे माफीचा साक्षीदार आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवावे लागे. म्हणजे माफी मिळाली असती तरी घर मिळाले नसतेच.

घरातल्या नजरकैदेविषयी सांगायचे तर, १९९३-९४ मध्ये खटल्यापूर्वीच्या कोठडीचा प्रकार म्हणून ती आपल्या फौजदारी व्यवहारात जवळपास अज्ञात होती. गौतम नवलखा प्रकरणात मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य प्रकरणी कलम १६७ खाली न्यायालय घरी स्थानबद्ध ठेवण्याचा आदेश देऊ शकते असे म्हटले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच प्रकरणात तसा आदेश प्रत्यक्षात दिला. तो आदेश वृद्ध आणि आजारी आरोपीसाठी होता, हा फरक आहेच. तात्पर्य एवढेच की, दाऊद जे मागत होता ते द्यायला त्या काळी कोणाच्या खिशात तशी किल्लीच नव्हती. त्यामुळे पवारांनी दिलेले उत्तर राजकीयदृष्ट्या कोणाला आवडो वा न आवडो, कायद्याच्या दृष्टीने दुसरे उत्तर उपलब्ध नव्हते.

शिवडीकर

दोघांचेही लेखन वाचले आणि खरे सांगायचे तर अस्वस्थ झालो. १२ मार्च १९९३ च्या दुपारी माझे वडील शेअर बाजाराच्या इमारतीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर होते. ते सुखरूप घरी आले, पण त्यांच्या कार्यालयातले एक गृहस्थ आले नाहीत. वडील त्या रात्री जेवले नाहीत आणि पुढचे अनेक महिने त्यांनी डबा नेणे बंद केले होते, कारण ते गृहस्थ आणि वडील रोज डबा वाटून खात असत.

माझा आक्षेप वाटाघाटींच्या तपशिलाला नसून वाटाघाटींनाच आहे. फरारी माणसाशी अटींची बोलणी सुरू केली की, तो आरोपी न राहता पक्ष होतो. एका बाजूला सार्वभौम सरकार आणि दुसऱ्या बाजूला टोळीचा म्होरक्या, असे दोघे समोरासमोर बसल्याचे चित्र तयार होते आणि त्या चित्रातच त्याची अर्धी सुटका झालेली असते. कलमकसाई म्हणतात की किल्लीच नव्हती. मी म्हणतो की किल्ली असती तरी ती वापरायची नव्हती.

पवनारकर

शिवडीकर, आपल्या भावनेविषयी पूर्ण आदर राखून सांगतो की, नेमका हाच आक्षेप १९६० मध्ये विनोबांवर घेतला गेला होता आणि तो घेणारे गृहस्थ साधेसुधे नव्हते. विनोबा चंबळच्या खोऱ्यात हिंडले, वीस बागी, म्हणजे तिथले दरोडेखोर, त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवून आले. तेव्हा मध्य प्रदेशाच्या पोलीस दलाचे प्रमुख के. एफ. रुस्तमजी होते आणि त्यांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. ज्यांनी पोलिसांचे प्राण घेतले त्यांच्याभोवती पुण्याईचे वलय निर्माण होते, असे त्यांचे म्हणणे होते. विनोबा रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे आणि रुस्तमजी नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. चंबळच्या बीहडांतला हा वाद एका अर्थी आपल्याच दोन माणसांमधला होता.

मात्र विनोबांनी एक गोष्ट फार काटेकोरपणे सांभाळली. त्यांनी कोणालाही शिक्षामाफीचा शब्द दिला नाही. कायद्यापुढे जावे लागेल, जे होईल ते भोगावे लागेल, एवढेच त्यांनी सांगितले. त्यामुळे पुढे त्यांचा शब्द मोडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

१९७२ चा प्रसंग यापेक्षा निराळा आहे आणि आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. माधोसिंग हा दीड लाखाचे इनाम डोक्यावर असलेला फरारी ठेकेदाराच्या वेषात, खोटे नाव सांगून पाटण्याला जयप्रकाश नारायण यांच्या घरी येऊन थडकला. जयप्रकाश प्रथम तयार नव्हते. तयार झाल्यावर त्यांनी आधी बागींशी न बोलता सरकारांशी बोलणी केली. चंबळचे खोरे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान अशा तीन राज्यांत पसरलेले असल्यामुळे तिन्ही राज्ये आणि केंद्र एका सुरात बोलल्याशिवाय कोणत्याही शब्दाला किंमत नाही, हे त्यांनी ओळखले होते. फाशी होणार नाही एवढे आश्वासन पदरात पडल्यावर मुरेना जिल्ह्यात पगारा नावाच्या धरणाजवळ तळ पडला, त्या भागातून पोलीस मागे घेण्यात आले आणि १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथे गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या गेल्या. मोहरसिंगसारखा दोन लाखांचा इनामी माणूस त्यात होता. यापैकी अनेकांनी मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शिक्षा भोगली. खटले झाले, शिक्षा झाल्या, केवळ दोर टळला.

हा सगळा व्यवहार जमला, कारण मध्यस्थ दोन्ही बाजूंना मान्य होता आणि त्याला स्वतःला त्यातून काही मिळवायचे नव्हते. जेठमलानी कितीही मोठे असले तरी ते वकील होते. सरकारच्या दृष्टीने वकील हा आरोपीचा माणूस असतो, आणि या प्रकरणात जयप्रकाशांच्या जागी बसेल असा कोणी नव्हता.

सांजवात

पवनारकरांनी पुढचे एक पान उलटले नाही, ते मी उलटते. फूलनदेवी १२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंडमध्ये मुख्यमंत्री अर्जुनसिंग यांच्यासमोर शरण आली. त्याआधी भिंडचे पोलीस अधीक्षक राजेंद्र चतुर्वेदी यांनी अनेक महिने खपून, जिवावर उदार होऊन तिच्याशी बोलणी केली होती. फाशी नको, उत्तर प्रदेश पोलिसांच्या ताब्यात देऊ नये आणि तुरुंगवास आठ वर्षांपेक्षा अधिक नको, अशा तिच्या अटी होत्या. प्रत्यक्षात ती खटला न चालता अकरा वर्षे आत राहिली.

शब्द देणारे मध्य प्रदेश सरकार होते, तर मुख्य गुन्हे उत्तर प्रदेशात होते. तिच्यावर ज्या हत्याकांडाचा मुख्य आरोप होता ते बेहमई गाव उत्तर प्रदेशात होते. ज्याने शब्द दिला त्याच्या हातात खटले नव्हते आणि ज्याच्या हातात खटले होते त्याने शब्द दिला नव्हता. जुलै २००१ मध्ये दिल्लीत तिची हत्या झाली, तेव्हाही बेहमईचा खटला निकाली निघालेला नव्हता. त्याचा निकाल २०२४ मध्ये लागला. शिरस्तेदार साहेब, आपल्या प्रश्नाचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

अँडीजपलीकडे

मी काही वर्षे कामानिमित्त कोलंबियात राहिलो आहे, म्हणून शिवडीकरांच्या म्हणण्याच्या बाजूने एक दाखला देतो. किल्ली असूनही ती वापरावी का, याचे उत्तर मेडेयीन शहराच्या अनुभवात आहे.

तिथला अमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार याला फक्त एका गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे अमेरिकेच्या स्वाधीन केले जाण्याची. अध्यक्ष सेसार गाविरिया यांनी सप्टेंबर १९९० मध्ये एक अध्यादेश काढला. शरण येऊन गुन्हा कबूल करणाऱ्याची शिक्षा कमी होईल आणि त्याला परदेशी पाठवले जाणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याच टोळीतले ओचोआ बंधू त्याचा लाभ घेऊन डिसेंबर १९९० ते फेब्रुवारी १९९१ या काळात एकामागून एक हजर झाले. एस्कोबार मात्र बसून राहिला, कारण त्याला अध्यादेश पुरेसा वाटत नव्हता. अध्यादेश उद्याचे सरकार रद्द करू शकते, हे तो पक्के जाणून होता. दरम्यान त्याने नामवंत घराण्यांतले पत्रकार पळवून नेऊन ओलीस ठेवले होते आणि त्यांतल्या दियाना तुर्बाय जानेवारी १९९१ मध्ये सुटकेच्या कारवाईत मृत्युमुखी पडल्या. अखेर १९ जून १९९१ रोजी घटना समितीने नव्या राज्यघटनेतच प्रत्यार्पणबंदी घातली आणि त्याच दिवशी एस्कोबार हेलिकॉप्टरने तुरुंगात दाखल झाला. मध्यस्थी राफाएल गार्सिया एरेरोस या दूरचित्रवाणीवर रोज दिसणाऱ्या वयोवृद्ध धर्मगुरूने केली होती.

तो तुरुंग एन्विगादो गावावरच्या डोंगरात होता आणि त्याचे नाव ‘ला कातेद्राल’ होते. जागा एस्कोबारच्या पसंतीची होती आणि आतल्या पहारेकऱ्यांच्या निवडीतही त्याचा शब्द चाले. लष्कर कुंपणाबाहेर उभे असे. जुलै १९९२ मध्ये त्याने आपल्याच टोळीतल्या दोन बड्या साथीदारांना तिथे बोलावून ठार केले. सरकारने त्याला दुसरीकडे हलवायचे ठरवले, तेव्हा तो मागच्या बाजूने निघून गेला. समजूत घालायला गेलेल्या उपमंत्र्यालाच आत ओलीस धरले गेले होते. पुढे दीड वर्षाने, २ डिसेंबर १९९३ रोजी, तो मेडेयीनमध्ये मारला गेला.

घरातल्या नजरकैदेची मागणी वाचली की मला तो डोंगर आठवतो. मुंबईच्या डोंगरी भागातल्या एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दाऊद आणि खाली चार शिपाई खुर्च्या टाकून बसलेले, हे चित्र फार निराळे झाले असते असे मला वाटत नाही.

जुना_शिरस्तेदार

अँडीजपलीकडे, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. त्यातली अध्यादेश आणि राज्यघटना यांची गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. एस्कोबारने शब्दाची प्रत पारखून घेतली. मुख्यमंत्र्याचा शब्द, मंत्रिमंडळाचा अध्यादेश आणि राज्यघटनेतले कलम ही चढत्या मोलाची नाणी आहेत आणि तो शेवटच्या नाण्यासाठी थांबला.

आपल्याकडे त्या मोलाचे नाणे एकदाच चालले आहे, तेही शरणागतीत नव्हे तर प्रत्यार्पणात. याच स्फोटांतला आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला. त्याला फाशी दिली जाणार नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही, असे लेखी आश्वासन भारत सरकारच्या वतीने तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी डिसेंबर २००२ मध्ये पोर्तुगालला दिले. तो नोव्हेंबर २००५ मध्ये भारतात आला. विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जन्मठेप ठोठावली, कारण आश्वासन सरकारने दिले होते, न्यायालयाने नव्हे. पुढे जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर केंद्र सरकारने दिलेला शब्द पाळून त्याच्या सुटकेची पावले उचलायची आहेत. दरम्यान काही जादा आरोप लावले म्हणून पोर्तुगालच्या न्यायालयांनी प्रत्यार्पणच रद्द ठरवले होते आणि आपल्या यंत्रणेला काही आरोप मागे घेण्यासाठी धावाधाव करावी लागली होती.

शब्द पाळला गेला, कारण तो सालेमला दिलेला नव्हता. तो एका देशाला दिला होता आणि त्या देशाची न्यायालये डोळ्यांत तेल घालून पाहत होती. लंडनमध्ये आलेल्या त्या दूरध्वनीच्या मागे असे पाहणारे कोणीही नव्हते. ज्या पाकिस्तानात दाऊद राहतो असे आपण म्हणतो, तो देश तर ‘तो इथे नाहीच’ असेच सांगत आला आहे. किंबहुना मे २०१५ मध्ये आपल्याच गृहराज्यमंत्र्यांनी त्याचा ठावठिकाणा माहीत नसल्याचे लोकसभेत सांगितले आणि नंतर काही दिवसांतच गृहमंत्र्यांना तो पाकिस्तानातच असल्याचे निवेदन करावे लागले.

खाडीपट्टा

मी खेड तालुक्यातली आहे. दाऊदचे मूळ गाव मुंबके आमच्याकडून फार लांब नाही. आमच्या भागात हा विषय आंतरराष्ट्रीय नसून सातबाऱ्याचा आहे.

फरारी आरोपीला परत आणण्याचे कायद्याने दिलेले जुने साधन म्हणजे आधी जाहीरनामा आणि मग जप्ती. घरदार, जमीनजुमला सरकारजमा होऊ लागला की माणूस धावत येतो, असा त्यामागचा हिशेब आहे. गावच्या पातळीवर तो बरोबरही ठरतो. भावकीतल्या मारामारीत पळालेला माणूस आंब्याच्या कलमांवर जप्तीची नोटीस लागली की आठ दिवसांत वकील घेऊन हजर होतो. पण ज्याचे पैसे समुद्रापलीकडे आहेत त्याला मुंबक्यातल्या कातळाचे काय? तस्करांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये इथल्या जमिनींचे लिलाव झाले. २०२४ च्या लिलावात १५ हजार ४४० रुपये राखीव किंमत असलेला एक छोटा तुकडा दोन कोटी एक लाखाला गेला, तेव्हा आमच्याकडचे लोक आपापल्या वरकस जमिनीकडे काही दिवस आशेने पाहत होते.

जप्ती तीस वर्षांनी परिणामकारक ठरत नाही, एवढेच मला सांगायचे आहे. सरकारच्या हातात दबावाचे जे एकमेव कायदेशीर साधन होते, ते त्या काळात वेगाने वापरले असते तर बोलणी करणाऱ्याची अट कदाचित थोडी मऊ झाली असती.

माहीमची_खाडी

इतकी चर्चा झाली आणि अजून याच स्फोटांतला आरोपी याकूब मेमन याचे नाव कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. शिरस्तेदार साहेबांचे दोन कागद खरे तर त्याच्याच प्रकरणात सर्वांत मोठ्या अक्षरांत दिसतात.

तपास यंत्रणेच्या कागदाप्रमाणे त्याला ५ ऑगस्ट १९९४ रोजी नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर अटक झाली. त्याचे स्वतःचे म्हणणे असे होते की, तो जुलैच्या अखेरीस काठमांडूत आला तो परत येण्याच्या इराद्यानेच. ‘रॉ’ या परदेशविषयक गुप्तचर संघटनेत त्या काळी वरिष्ठ पदावर असलेले बी. रामन यांनी २००७ मध्ये लिहून ठेवलेला आणि त्यांच्या मृत्यूनंतर, जुलै २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला लेख अनेकांना आठवत असेल. याकूबला नेपाळमध्ये अनौपचारिकरीत्या ताब्यात घेऊन भारतात आणले गेले आणि औपचारिक अटक नंतर दिल्लीत दाखवली गेली, असे त्यांनी लिहिले. कटातला त्याचा सहभाग त्यांनी नाकारला नाही. परंतु त्याने तपासाला केलेले साहाय्य आणि कुटुंबातल्या इतरांना परत येण्यासाठी केलेली मनधरणी लक्षात घेता फाशीच द्यावी का, याचा विचार व्हायला हवा होता, असे त्यांचे मत होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये इतर दहा जणांची फाशी जन्मठेपेवर आणली आणि याकूबची कायम ठेवली. ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात त्याला फाशी देण्यात आली.

त्याची शिक्षा योग्य की अयोग्य, हा वाद मला इथे घालायचा नाही. माझा मुद्दा व्यवहाराचा आहे. २०१५ नंतर पलीकडे बसलेला कोणताही फरारी आपल्या वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारणार की, याकूबचे काय झाले. त्यानंतरही बोलण्याच्या वावड्या थांबल्या नाहीत, हे खरे. सप्टेंबर २०१७ मध्ये राज ठाकरे यांनी दाऊद परतण्यासाठी केंद्राशी बोलत असल्याचे जाहीरपणे म्हटले, तर मार्च २०१८ मध्ये दाऊदच्या भावाच्या वकिलाने ठाण्यात पत्रकारांना सांगितले की, आर्थर रोड तुरुंगातच ठेवण्याची हमी मिळाली तर तो यायला तयार आहे. घरापासून तुरुंगापर्यंत अट खाली आली असे यातून कोणी म्हणेल. मला त्यात आपल्या ओळखीच्या भिंतींची ओढ अधिक दिसते. स्फोटांचा खटला त्याच आवारात चालला होता.

शिवडीकर

माहीमची_खाडी, आपण मांडलेला युक्तिवाद माझ्याच बाजूचा आहे असे मला वाटते. शब्द अर्धवट द्यायचा आणि मग तो न्यायालयात गळून पडू द्यायचा, यापेक्षा शब्द न दिलेला बरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरी सुरक्षा संहितेत घोषित फरारीच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची सोय आली आहे. त्याने यावे म्हणून तिष्ठत बसण्याची गरजच उरलेली नाही. निकाल लागू द्या, कागदावर का होईना.

कलमकसाई

शिवडीकर, कलम ३५६ ची ती सोय मोलाची आहे. मात्र आरोपनिश्चितीपासून नव्वद दिवस जावे लागतात आणि जवळच्या काळात अटक होण्याची शक्यता नाही याबद्दल न्यायालयाची खात्री पटावी लागते. आणखी एक अडचण आहे. गैरहजेरीत शिक्षा झालेल्या माणसाला परत मागताना अनेक देश ‘खटला पुन्हा चालवाल का’ असे विचारतात. म्हणजे तिथेही कोणीतरी कोणाला तरी शब्द देणे आलेच.

शिरस्तेदार साहेब, एक कुतूहल राहिले. त्या सात महिने फरार असलेल्या आरोपीच्या फायलीतला कोणता कागद शेवटी खरा मानला गेला?

जुना_शिरस्तेदार

जामिनाच्या वेळी यावर बराच वाद झाला. बचावाच्या वकिलाने रोजनामा दाखवला, सरकारी वकिलाने पोलिसांचा कागद दाखवला. न्यायाधीशांनी मला बोलावून ‘हे अक्षर तुमचेच ना’ एवढे विचारले आणि ‘हजर’ हा शब्द मान्य केला. जामीन मात्र फेटाळला, कारण सात महिने कुठे होता याचे उत्तर आरोपीकडे नव्हते. पुढे शिक्षा झाली. कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा करण्याचा हिशेब माझ्याकडेच आला, तेव्हा मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. तारीख दोन्हींवर तीच होती, म्हणून मला कोणता खरा ते ठरवावे लागले नाही.